दुपारी दोन ते चार : प्रेमकादंबरी आणि तिच्या वाचक स्त्रिया

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त बडोदे येथे भरलेल्या माजी विद्यार्थी मेळाव्यात एका माजी विद्यार्थिनीने, निवृत्त ग्रंथपाल या नात्याने, केलेले भाषण)



आजच्या भाषणाचा विषय निवडण्याचे स्वातंत्र्य संयोजकांनी मला दिले होते. मी 'प्रेमकादंबरी' असे कळवले, तेव्हा दूरध्वनीच्या पलीकडे काही क्षण शांतता पसरली. मग अत्यंत सौजन्याने मला विचारण्यात आले, "बाई, म्हणजे संतसाहित्यातील प्रेमभावना असे काही म्हणायचे आहे का?" मी म्हटले, "नाही. वाचनालयातून आणायच्या, उशीखाली ठेवायच्या आणि पाहुणे आले की झाकायच्या, त्या कादंबऱ्यांविषयीच मला बोलायचे आहे." संयोजकांनी माझे वय पाहून ते मान्य केले, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

आरंभ शब्दापासून करते. आपण ज्या गुजरातेत राहतो तिथे या वाङ्मयप्रकाराला 'नवलकथा' म्हणतात. हिंदीत 'उपन्यास' म्हणतात. मराठीने मात्र, आणि शेजारच्या कन्नडनेही, शब्द घेतला तो 'कादंबरी'. सातव्या शतकात हर्षाच्या पदरी असलेल्या बाणभट्टाने संस्कृतात एक गद्यकाव्य रचायला घेतले. ते पुरे होण्याआधीच तो गेला आणि त्याच्या मुलाने ते पूर्णत्वास नेले. त्या कथेतील चंद्रापीडाची प्रेयसी म्हणजे कादंबरी. एका प्रेमकथेच्या नायिकेचे नाव आपण संपूर्ण वाङ्मयप्रकाराला दिले. समाजप्रबोधनाची, तत्त्वचिंतनाची, दुष्काळाची आणि दारिद्र्याची कितीही गंभीर कृती असो, तिच्या मुखपृष्ठावर 'कादंबरी' हा शब्द छापला की त्या प्रेमात पडलेल्या मुलीचे नाव आपण उच्चारतोच. आणि तरीही प्रेमाची कादंबरी वाचणारी मुलगी आपल्याला बिघडलेली वाटते.

मी तशी बिघडलेली मुलगी होते. ते सिद्ध झाले ते याच वास्तूत, इयत्ता नववीच्या वर्गात, १९७४ साली.

भूगोलाच्या पुस्तकात मी चंद्रकांत काकोडकरांची एक कादंबरी लपवली होती. बाईंच्या ते लक्षात आले. पुस्तक जप्त झाले, शिक्षकदालनात गेले आणि दुसऱ्या दिवशी माझ्या आईला बोलावणे धाडण्यात आले. पुस्तकावर दांडिया बाजारातल्या एका खाजगी वाचनालयाचा शिक्का होता आणि आतल्या चिठ्ठीवर वर्गणीदाराचा क्रमांक होता. तो क्रमांक आईचा होता. मुख्याध्यापिकांनी आईला विचारले, "हे पुस्तक आपल्या घरातले आहे का?" आई क्षणभर थांबली आणि म्हणाली, "नाही. आमच्या घरात असली पुस्तकं येत नाहीत."

मला शिक्षा झाली. तिचे मला कधीच काही वाटले नाही, कारण भूगोलाच्या तासाला कादंबरी वाचणे हा अपराध होताच, आणि आमच्या बाई त्या काळाच्या समजुतीप्रमाणे कर्तव्यच करत होत्या. माझ्या मनात रुतून बसले ते आईचे उत्तर. माझी आई खोटे बोलत नसे. त्या दिवशी ती बोलली, स्वतःच्या लेकीसमोर बोलली, आणि घरी परतताना वाटेत एक शब्दही बोलली नाही. पुढचा महिनाभर ती वाचनालयात गेली नाही. एका सरळमार्गी बाईला आपल्या आवडीची एवढी लाज का वाटावी, हा प्रश्न त्या दिवसापासून माझ्यामागे लागला. पुढे मी ग्रंथपाल झाले, त्याचे एक कारण हा प्रश्न असावा.

आई लग्न होऊन साताऱ्याहून बडोद्यास आली होती. शेजार गुजराती, बाजार गुजराती. घरात मराठी होती; पण ती कामापुरती, स्वयंपाकाची आणि हिशेबाची. दुपारी जेवणे आटोपली, भांडी झाली, की दोन वाजता ती आतल्या खोलीत जमिनीवर पडून वाचत असे. चार वाजता उठून चहाचे आधण ठेवी. त्या दोन तासांत कोणी हाक मारली तर म्हणायची, "दोन ते चार मी घरात नाही." सातारा सुटल्यावर नवे मराठी शब्द तिला भेटले ते या दोन तासांत. तिच्याकडून ते माझ्याकडे आले. शाळेने मला शुद्धलेखन दिले, व्याकरण दिले, ज्ञानेश्वर-तुकाराम दिले. हे ऋण फिटणारे नाही. परंतु कोणी सांगितले नसताना, परीक्षा नसताना, पुढच्या पानावर काय होते या ओढीने मराठी वाचण्याची सवय मला त्या झाकलेल्या पुस्तकांनी लावली. परप्रांतात भाषा टिकते ती अशा ओढीवर.

आता या पुस्तकांच्या कुळाविषयी थोडे सांगते. मराठी कादंबरीचा उगमच मुळी अद्भुताने आणि शृंगाराने न्हालेला आहे. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची 'मुक्तामाला' १८६१ मधली, नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' १८६८ मधली. नावांवरूनच नायिकांची चाहूल लागते. १८९० मध्ये हरिभाऊ आपट्यांचे 'करमणूक' सुरू झाले आणि त्यातून 'पण लक्षात कोण घेतो!' क्रमशः येऊ लागली, तेव्हा कादंबरी घराच्या माजघरात शिरली. पुढे प्रा. ना. सी. फडके यांनी प्रेमकथेला असे काही रूप दिले की तरुण वाचकांच्या दोन पिढ्या त्यांच्या नायक-नायिकांसारखे बोलू पाहत होत्या. टीकाकारांनी त्यांना स्वप्नरंजन करणारे म्हटले. तरी १९४० च्या रत्नागिरीच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले आणि १९६२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. म्हणजे प्राध्यापकाने लिहिलेल्या प्रेमाला प्रतिष्ठा होती.

त्यानंतरच्या पिढीत हे लेखन मोठ्या प्रमाणावर स्त्रियांच्या हाती आले. डॉ. सुमती क्षेत्रमाडे, कुमुदिनी रांगणेकर, शैलजा राजे, योगिनी जोगळेकर, स्नेहलता दसनूरकर ही नावे वाचनालयाच्या खिडकीवर रोज उच्चारली जात, वाङ्मयेतिहासाच्या तासाला मात्र क्वचित. सुमतीबाईंच्या एका गाजलेल्या कादंबरीचे नाव 'महाश्वेता'. बाणभट्टाच्या कथेत कादंबरीची जिवलग सखी तीच महाश्वेता. तेरा शतकांनंतर ती दांडिया बाजारातल्या वाचनालयात पुन्हा भेटत होती. मला शाळेत कोणी हे सांगितले असते तर संस्कृतही मी अधिक आवडीने शिकले असते.

आणि काकोडकर. १९६२ च्या 'रंभा' दिवाळी अंकातील त्यांच्या 'श्यामा' या कथेवर अश्लीलतेचा खटला झाला. उच्च न्यायालयाने दोषी ठरवले. १९६९ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवून त्यांना निर्दोष सोडले. त्याच वर्षी त्यांच्या 'नीलांबरी' या कादंबरीवर आधारलेला 'दो रास्ते' हा हिंदी चित्रपट झळकला. तो आम्ही सहकुटुंब पाहिला, आजीसुद्धा आली होती. चित्रपटगृहात ज्या कथेसाठी सारे कुटुंब रांगेत उभे राहिले, त्याच लेखकाचे पुस्तक पाच वर्षांनी माझ्या आईला नाकारावे लागले. कथा तीच असली तरी चित्रपट सर्वांसोबत पाहायचा असतो. पुस्तक एकटीने वाचायचे असते. बाईने एकटीने काही करावे, याचीच भीती त्या चौकशीमागे होती, असे मला आता वाटते.

हे केवळ आपल्याकडचे नाही. लंडनमध्ये १९०८ साली जेराल्ड मिल्स आणि चार्ल्स बून या दोघांनी 'मिल्स अँड बून' ही संस्था काढली. आरंभी ती सर्व प्रकारची पुस्तके काढीत असे. जॅक लंडनची पुस्तकेही तिने छापली. १९३० च्या सुमारास, मंदीच्या दिवसांत, तिथे गल्लोगल्ली दोन-दोन पेनींत पुस्तक भाड्याने देणारी वाचनालये निघाली. या वाचनालयांना एकाच गोष्टीची भूक होती, आणि संस्थेने तिच्याकडे लक्ष दिले. तपकिरी बांधणीतल्या प्रेमकादंबऱ्या नियमाने निघू लागल्या. लेखिकेच्या नावापेक्षा संस्थेचेच नाव मोठे झाले. पुढे ही भाड्याची वाचनालये बंद पडत गेली, तेव्हा कॅनडातल्या 'हार्लेक्विन'ने त्या कादंबऱ्या स्वस्त कागदी बांधणीत आणल्या, १९७१ मध्ये ती संस्थाच विकत घेतली आणि पुस्तके किराणा-भाजीच्या मोठ्या दुकानांत साबणाशेजारी मांडली. ग्रंथविक्रेत्याच्या दुकानात शिरायला जी बाई बुजत होती, तिच्या वाटेवरच पुस्तक नेऊन ठेवले. २००८ पासून तर या कादंबऱ्या भारतातच प्रसिद्ध होऊ लागल्या.

मराठी प्रकाशनव्यवहार आकाराने लहान. पण त्याचे गणितही वाचनालयावरच उभे होते. हजार-अकराशे प्रतींची आवृत्ती निघे, आणि त्यांतला मोठा वाटा वाचनालये उचलत. घरात कादंबरी विकत घेणारे थोडे, महिन्याची वर्गणी भरणारे पुष्कळ. वाचनालयात आलेली एक प्रत शंभर हातांतून जाई. पुठ्ठा निखळला की पुन्हा बांधून घ्यायची. प्रकाशकाच्या हिशेबात ती एक प्रत, एक विक्री. त्यामुळे या वाचकांची गणती कोणत्याही वहीत झाली नाही. मात्र तिच्या वर्गणीतून वाचनालयाचे भाडे निघे, आणि उरलेल्या पैशांतून आम्ही चरित्रे, कवितासंग्रह आणि वैचारिक ग्रंथ घेत असू. खिडकीच्या आत बसून तीस वर्षे मी हा हिशेब पाहिला आहे. ज्या ग्रंथांचा आपण अभिमान मिरवतो, त्यांतल्या कित्येकांचा खर्च दुपारी दोन ते चार वाचणाऱ्या बायांनी उचललेला आहे.

जॅनिस रॅडवे नावाच्या अमेरिकन विदुषीने १९८४ मध्ये प्रेमकादंबरीच्या वाचक स्त्रियांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. ती एका गावातल्या अशा स्त्रियांना भेटली आणि त्यांनाच विचारले, की तुम्ही हे का वाचता. कथेविषयी त्या बोलल्याच. पण त्याहून आग्रहाने वाचण्याच्या कृतीविषयी बोलल्या. दिवसभर घरातल्या सर्वांचे करणाऱ्या बाईने पुस्तक उघडून समोर धरले, की तेवढा वेळ ती कोणाची नसते, असा त्या सांगण्याचा मथितार्थ होता. ते वाचताना मी पुस्तक मिटले आणि बराच वेळ बसून राहिले. सातारच्या माझ्या आईचे वाक्य मला अमेरिकेतल्या एका गावातून परत ऐकू आले होते.

या कादंबऱ्यांची मी वकिली करते आहे म्हणून त्यांचे दोष झाकणार नाही. पुष्कळशा एकाच साच्यातल्या होत्या. नायकाचा उर्मटपणा म्हणजेच त्याचे प्रेम, अशी शिकवण त्यांतून मिळे, आणि ती घातक होती. सहनशील नायिकेला शेवटी सुख लाभे. प्रत्यक्षात तसे घडत नाही, हे वाचणाऱ्या बाईला लेखकापेक्षा चांगले ठाऊक असे. श्रीमंत-गरीब ही दरी या कथांनी शंभरदा ओलांडली, जातीची मात्र फारच क्वचित. सावळ्या मुलीला नायिका व्हायला फार वाट पाहावी लागली. हे सारे खरे आहे. परंतु वाचणारी बाई पुस्तकापुढे हात जोडून बसलेली नसते. माझी आई मधूनच पुस्तक खाली ठेवून म्हणायची, "हिला कोणीतरी दोन शब्द सुनवायला हवेत." ही समीक्षाच होती. तिला आम्ही ते नाव दिले नाही, एवढेच.

आता माझ्या स्वतःच्या अपराधाकडे येते. या भाषणाचे खरे कारण तेच आहे.

१९९६ मध्ये, मी ग्रंथपाल असताना, आमच्या वाचनालयात जागेची टंचाई झाली. कार्यकारी मंडळाने ठराव केला, की जीर्ण आणि 'वाङ्मयीन मूल्य नसलेली' पुस्तके काढून टाकावीत. यादी करण्याचे काम माझ्याकडे आले. मी शिकलेली होते, ग्रंथपालनाची पदवी घेतलेली होते, आणि चांगले-वाईट मला कळते असा माझा समज होता. पाच-सहाशे पुस्तके मी यादीत घातली. त्यांतली बहुतेक प्रेमकादंबऱ्यांची होती. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी तारखांच्या शिक्क्यांची चिठ्ठी चिकटवलेली असते. या पुस्तकांच्या चिठ्ठ्या भरून, त्यांवर दुसऱ्या चिकटवून, त्याही भरल्या होत्या. आणि जी पुस्तके मी मूल्य आहे म्हणून राखली, त्यांतल्या अनेकांच्या चिठ्ठ्यांवर दोन शिक्के होते, काहींवर एकही नव्हता. हे मी डोळ्यांनी पाहिले आणि तरीही यादीखाली सही केली. हातगाडीवरून पुस्तके रद्दीत गेली.

इंग्लंडमध्ये २००३ साली बर्मिंगहॅमजवळ एक नवा टोलरस्ता तयार झाला. त्याच्या डांबरात मिसळायला मिल्स अँड बूनच्या सुमारे २५ लाख जुन्या प्रतींचा लगदा वापरला, ही बातमी वाचून लोक हसले. मला हसू आले नाही. मी माझ्या परीने तेच केले होते.

आई तेव्हा सत्तरीला आली होती आणि आमच्याच वाचनालयाची वर्गणीदार होती. पुस्तके गेल्यानंतर ती एकदा आली, कपाटांसमोरून फिरली आणि रिकाम्या हाताने परतली. संध्याकाळी मी विचारले, तेव्हा म्हणाली, "आता तिथं माझं काही उरलं नाही गं." तिने मला दोष दिला नाही. बावीस वर्षांपूर्वी मुख्याध्यापिकांच्या खोलीत तिने आपले पुस्तक नाकारले होते. या वेळी तिच्या लेकीने तिच्यासाठी ते काम केले होते. पुढच्या दोन-तीन वर्षांत दुपारच्या वर्गणीदार बायका एकेक करून गळाल्या. दूरचित्रवाणीच्या मालिकांनी त्यांना नेले, असे आम्ही अहवालात लिहिले. ते अर्धेच खरे होते. आम्ही त्यांना निरोप दिला होता.

मित्रहो, हे आपण ज्या नगरीत बोलतो आहोत तिथे बोलावे लागते, याचे मला दुःख आहे. १९१० मध्ये सयाजीराव महाराजांनी विल्यम बॉर्डन या ग्रंथपालाला अमेरिकेहून बोलावून घेतले. महाराजांनी पुस्तकांच्या पेट्या खेडोपाडी फिरवल्या, स्त्रियांसाठी आणि मुलांसाठी वाचनाची सोय केली. लोकांच्या दारापर्यंत पुस्तक जावे, ही ती दृष्टी होती. दारात आलेल्या वाचकाला त्याच्या आवडीवरून परत पाठवणे तिच्यात बसत नाही.

आज आपल्या शाळेची पटसंख्या घटते आहे, आणि मुलांना मराठीची गोडी कशी लावावी, यावर आपण परिसंवाद भरवतो. पण आपल्याच घरांत काही मुली मराठी वाचत आहेत. भ्रमणध्वनीवर, 'प्रतिलिपी'सारख्या ठिकाणी, रोज एक भाग अशा प्रेमकथा त्या वाचतात, आणि काही जणी लिहितातही. तुम्ही खोलीत शिरलात की त्या पडदा पालथा घालतात. ती हालचाल मी ओळखते. भूगोलाचे पुस्तक मी तशीच मिटत असे.

पालकांना माझी विनंती एवढीच, की त्या क्षणी "काय चाललंय?" असे विचारू नका. "पुढे काय झालं?" असे विचारा. तिने सांगितले तर ऐका. गोष्ट सांगताना ती जी मराठी बोलेल, ती तुम्ही कोणत्याही शिकवणीत विकत घेऊ शकणार नाही. कथेतला नायक उर्मट असेल तर त्यावर तिच्याशी वाद घाला. तो वादही मराठीतच होईल.

आणि माजी विद्यार्थ्यांना विनंती अशी, की शाळेच्या ग्रंथालयासाठी आपण जो निधी जमवतो आहोत, त्यातून एक कपाट बिनकुलपाचे ठेवावे. त्यात काय असावे ते आपण ठरवू नये. मुलामुलींनी आणि त्यांच्या आयांनी ठरवावे. त्या कपाटासाठी पहिली देणगी म्हणून मी सुमती क्षेत्रमाडे यांची 'महाश्वेता' आणि काकोडकरांच्या तीन कादंबऱ्या आणल्या आहेत. रविवारच्या जुन्या बाजारात फिरून त्या मिळवल्या. पहिल्या पानावर माझ्या आईचे नाव आणि तिचा जुना वर्गणीदार क्रमांक लिहिला आहे. ती आता नाही. मुख्याध्यापकांच्या हाती ही पुस्तके देताना मी एवढेच सांगते, की ही पुस्तके आमच्या घरातली आहेत.